नऊ दिवस अळणी

“दहा दिवस एकभुक्त, अळणी. पाणीही त्या एकाच बैठकीला. कोण कोण उभं राहतंय?” महाराजांनी विचारलं आणि पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, माझा भाऊ उभा राहिला.

भाद्रपदातली चतुर्थी होती. दुसऱ्या दिवसापासून आमचं दशलक्षण पर्व सुरू व्हायचं होतं. त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता, त्यामुळे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुंगीला शिरायला जागा नव्हती. भरतेशदादा उभा राहिलेला पाहिला आणि शेजारी बसलेल्या अक्कानं, माझ्या आईनं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“प्रकृती ठीक आहे ना?” महाराजांनी दादाला विचारलं. “औषध चालू असेल त्यानं हा नियम घेऊ नये. त्याच्यासाठी दुसरे पुष्कळ नियम आहेत.”

दादा हात जोडून, मान खाली घालून उभा. हो म्हणेना, नाही म्हणेना.

“घरचं कोणी आलंय का?”

“ऊठ,” अक्का पुटपुटली. “आणि सांगू नगंस. म्होरं सुमतीबाई बसल्यात.”

सुमतीबाई मगदूम म्हणजे माझी होणारी सासू. मार्गशीर्षात लग्न ठरलं होतं. महाराजांच्या दर्शनासाठी म्हणून त्या पर्वाचे दहा दिवस आमच्या गावात बहिणीकडे राहायला आल्या होत्या. आमच्या दोन रांगा पुढं बसून, मान वळवून, त्या माझ्याकडंच बघत होत्या.

मी उठले. “नमोस्तु महाराज,” मी म्हणाले. “औषध काही नाही. दादाची तब्येत चांगली आहे.”

आवाज अगदी स्वच्छ आला. मी शाळेत शिकवणारी, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची मला सवय. खोटं बोलताना अडखळले असते तर निदान महाराजांना शंका आली असती. दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि महाराजांनी त्याला नियम दिला.

दादाचा आजार गावाला ठाऊक नव्हता, म्हणजे आम्ही तो ठाऊक होऊ दिला नव्हता. आमच्या गावात घरोघर चांदीचं काम चालतं. दादा पैंजणांना घुंगरं जोडायचा. बाजरीच्या दाण्याएवढं घुंगरू चिमट्यात धरून, फुंकणीनं ज्योत वळवून त्याला डाग द्यायचा. पाच वर्षांपूर्वी, अण्णा, आमचे वडील गेल्यानंतर, तो चार दिवस झोपलाच नाही. बोलत सुटला. त्याला म्हणे देवाचं सिंहासन ओतायचं होतं. घरात होते नव्हते तेवढे पैंजण त्यानं मुशीत टाकून आटवले, वितळलेली चांदी फरशीवर ओतली आणि डाव्या हाताच्या बोटानं त्यात नक्षी काढायला बसला. बोटाची कातडी सोलून निघाली तरी हसत होता. ते हसणं मी दारात उभी राहून पाहिलंय. त्यानंतर मला कशाचीही तेवढी भीती वाटली नाही.

मिरजेच्या डॉक्टर हेर्लेकरांनी त्याला लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. रोज तीन, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. गावात आम्ही सांगितलं, टायफॉईड डोक्यात गेला होता. दादा हळूहळू माणसात आला. थोडा जाडावला, हाताला बारीकसा कंप राहिला, आणि तहान इतकी लागायची की पाण्याचा तांब्या दिवसभर जवळ. पण मनगट ऐरणीच्या कडेला टेकवून तो पुन्हा घुंगरं जोडू लागला. घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी एकटी, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं खातं माझ्याकडं. डॉक्टर बरंच काय काय सांगायचे. त्यातलं एकच वाक्य मी मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं, की गोळी एक दिवसही बंद करायची नाही.

त्या दुपारी मी दादाला घरामागच्या परड्यात गाठलं.

“कुणाला विचारून उभा राहिलास?”

“तू कुणाला इचारून खोटं बोललीस?”

“मी तुझ्यासाठी बोलले.”

“माझ्यासाठी?” तो हसला. “बरं.”

मी विषय बदलला. “तांब्याशिवाय तासभर बसवत नाही तुला. दिवसातून एकदा पाणी पिऊन राहणार आहेस?”

“ऱ्हाईन की. बाकीचे ऱ्हात्यात न्हवं?” तो कट्ट्यावर बसला. “पाच वर्सं झाली, त्रिशे. पाच वर्सं मी बरा हाय. एकदा तरी चारचौघांसारखं उभं ऱ्हावंसं वाटलं. तू आणि अक्का माझ्याकडं कसं बघताय, ठाव हाय? उतू जायला आलेल्या दुधाकडं बघावं तसं.”

“आणि गोळ्या?”

“नियम म्हंजी नियम. दहा दिवस गोळी न्हाई.”

“डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“दहा दिवसांनं काय आभाळ कोसळत न्हाई. आणि लईच झालं तर महाराजांम्होरं मीच सांगतो खरं काय ते. मग तर झालं?”

तो सहज म्हणाला, पण मी घाबरले. महाराजांसमोर खरं सांगायचं म्हणजे साऱ्या बस्तीसमोर, म्हणजे सुमतीबाईंसमोर. आणि गोळ्या बंद करायच्या म्हणजे पुन्हा ते चार दिवस, पुन्हा ते हसणं. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्काला सगळं सांगितलं. ती मूग निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“दुधातनं दे,” ती म्हणाली.

“अक्का, त्याचा नियम मोडेल.”

“त्येला कळलं न्हाई तर त्येचा कशानं मोडतोय? पाप लागंल ते आपल्याला. सोसू की आपुन.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

पहिल्या दिवशी दादा बस्तीतून पूजा करून आला, पाटावर बसला, अळणी भात, अळणी मुगाचं वरण आणि भाकरी असं निमूट जेवला. शेवटी मी दुधाचा पेला ठेवला. त्याआधी खलबत्त्यात तीन गोळ्या पिठासारख्या कुटल्या होत्या, साखर आणि वेलदोडा घालून दुधात ढवळल्या होत्या. तो घोटाघोटानं प्यायला आणि मग दोन तांबे पाणी. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. नियमही राहिला आणि औषधही गेलं.

दुसऱ्या दिवशी पेला तोंडाला लावून तो थांबला.

“खारट लागतंय गं जरा. मीठ न्हाई न्हवं पडलं?”

“मीठ कुठून पडेल? तुझ्या तोंडाला चव नाही.”

“आसंल,” म्हणून त्यानं सगळं संपवलं.

चौथ्या दिवशी पाणी पिताना तांब्या दातांवर आपटला. हाताला कंप होताच, पण आता तो मनगटापासून कोपरापर्यंत चढला होता. मी म्हटलं अशक्तपणा. पाचव्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. सकाळपासून चार-पाच वेळा तो मागच्या बाजूला जाऊन आला, एकदा उलटीही झाली. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. दोन्ही बाजूंनी अंगातलं पाणी जात होतं आणि आत एक थेंब घालायची सोय नव्हती. अक्का म्हणाली, “सोड आता, भरता. महाराज समजून घेतील.” तो नुसता नाही म्हणाला. गावातले इतर तपस्वीही आपापल्या ओटीवर आडवे पडलेले होतेच, कुणाला घेरी येत होती, कुणाचं डोकं उठलं होतं. आमचं वेगळं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

सहाव्या दिवसापासून त्याची चाल बदलली. पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालायचा. बोलणं मंद झालं. एक शब्द, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा शब्द. दुपारभर सोप्यात खांबाला टेकून एका जागी बसायचा, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि दारातूनच हात जोडले.

“काय शांत झालाय गं पोरगा. दुसरी माणसं भुकेनं चिडत्यात. हे एक बघ.”

संध्याकाळी आणखी दोघीजणी आल्या. दुसऱ्या दिवशी दहा. बायका ओटीवर बसून स्तोत्रं म्हणू लागल्या. कुणीतरी त्याच्या पायांना हात लावला आणि मग सगळ्यांनीच रांगेनं लावला. अक्का दारात उभी होती. गेली पाच वर्षं मान खाली घालून चालणारी माझी आई त्या दिवशी ताठ उभी होती, आणि मला तिच्यासाठी इतकं बरं वाटलं की दादाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय हे दिसूनही मी ती पदरानं गुपचूप पुसली आणि गप्प बसले.

त्याच दुपारी, सातव्या दिवशी, जेवताना त्यानं मला “मावशी” म्हणून हाक मारली. मावशी वारून सहा वर्षं झाली होती. मग ताटाकडं बघत तो हलकंच हसला. कशाला हसला कोण जाणे. पण मला पाच वर्षांपूर्वीचं ते हसणं आठवलं. मला वाटलं, आलं. पुन्हा ते आलं. तीन गोळ्या पुरत नाहीत.

“वाढीव एखादी,” अक्का म्हणाली.

“डॉक्टरांना विचारते आधी.”

चौकात टेलिफोनचं दुकान होतं. मी मिरजेचा नंबर फिरवला. पलीकडून दवाखान्यातला माणूस म्हणाला, “डॉक्टर आहेत. थांबा, देतो.” मी थांबले. काचेच्या दाराबाहेर सुमतीबाईंची बहीण नंबर लावून उभी होती. माझ्याकडं बघून ओळखीचं हसली. दार नीट लागत नव्हतं, आतलं अक्षर न् अक्षर बाहेर ऐकू जायचं.

“हॅलो, हेर्लेकर बोलतोय,” पलीकडून आवाज आला. “हॅलो? कोण आहे?”

मी फोन ठेवला. “लागेना,” असं तिला सांगून घरी आले आणि आठव्या दिवशी खलबत्त्यात चार गोळ्या कुटल्या.

त्याच दिवशी सुमतीबाई घरी आल्या. नारळ, केळी, सोबत बहिणीलाही घेऊन. दादा खांबाला टेकून बसला होता. आता त्याचे खांदे मध्येच झटका बसल्यासारखे उडत होते, बोटं आपोआप वळत होती. सुमतीबाईंनी गुडघे टेकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आमच्या घरात आजवर दहा दिवसांचा तपस्वी झाला न्हाई,” त्या अक्काला म्हणाल्या. “आता तुमच्याकडनं लेक आणतोय, म्हंजी पुण्य बी येईल.” मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “चेहरा का असा उतरलाय? दोनच दिवस राहिल्यात की.”

“भावाची काळजी हो,” अक्का म्हणाली.

दादानं डोळे उघडले. सुमतीबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ हलले. मी चटकन पुढं झाले, कारण मला वाटलं हा आता गोळ्यांचं बोलतोय. “त्याला मौन आहे,” मी सांगितलं. सुमतीबाईंनी पुन्हा हात जोडले. दादाला मौन वगैरे काही नव्हतं. तो पाणी मागत असावा, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं.

नवव्या दिवशी त्याला अभिषेकाचा मान दिला होता. दोघा माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला बस्तीत नेलं. मी बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत होते, अक्का शेजारी, सुमतीबाई पलीकडं. कुणीतरी त्याच्या हातात कलश दिला. त्यानं तो उचलला. हात थडथड उडायला लागला, पाणी अंगावर सांडलं, कलश घरंगळत आमच्यापर्यंत आला. दादा मागच्या मागं कोसळला. टाचा फरशीवर आपटत होत्या, डोळे पांढरे झाले होते आणि दातखीळ बसली होती.

“ग्लानी आली, वारा घाला,” कोणी म्हणालं.

“पाणी मारा तोंडावर.”

“तोंडात जाऊ देऊ नका, नियम हाय त्येचा!”

महाराज आसनावरून उठून आले. दादाच्या शेजारी उकिडवे बसले, त्याच्याकडं नीट पाहिलं. “ही तपाची ग्लानी नव्हे,” ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडं पाहिलं. “बाई, त्या दिवशी मी विचारलं होतं. पुन्हा विचारतो. याला काही औषध आहे?”

अक्काचा हात माझ्या मनगटावर आला. मी तो सोडवला.

“आहे, महाराज,” मी म्हणाले. “पाच वर्षं आहे. डोक्याच्या आजाराच्या गोळ्या. मी खोटं बोलले.”

सुमतीबाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघायला लागल्या. महाराज दादाकडं वळले. “याचा नियम इथं संपला,” ते म्हणाले. “गाडी आणा. शुद्धीवर आला तर आधी पाणी द्या, आणि कोणी मध्ये येऊ नका.”

मी पूर्ण खरं बोलले नव्हते. दुधाचं सांगितलं नव्हतं.

मिरजेला पोचेपर्यंत वाटेत त्याला आणखी दोनदा आकडी आली. डॉक्टर हेर्लेकरांनी त्याला आत घेतलं, रक्त काढलं आणि दोन तासांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. अक्का बाहेर बाकावर बसून णमोकार मंत्र म्हणत होती.

“काय खात होता हा?”

“एक वेळ जेवण. अळणी.”

त्यांचं लिहिणं थांबलं. “अळणी? किती दिवस?”

“नऊ.”

“आणि पाणी?”

“जेवतानाच.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चांगला माणूस होता, कधी आवाज चढवायचा नाही. तेव्हाही चढवला नाही. “दर खेपेला मी तुम्हाला सांगत आलो, मीठ तोडू नका, पाणी तोडू नका. सांगितलं की नाही?”

सांगितलं असणार. मला आठवेना. आम्हाला फक्त गोळी ऐकू आली होती.

“लिथियम मिठाच्याच जातीचं आहे,” ते म्हणाले. “अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतात. बाहेर टाकत नाहीत. मग ते साठतं. रोजचीच गोळी, पण साठत साठत विष होते. हात थरथरणं, जुलाब, चाल बिघडणं, जीभ जड होणं, भ्रम. हे सगळं झालं असेल.”

“झालं.”

“कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासून.”

त्यांनी ते लिहून घेतलं. “म्हणजे नियमात गोळ्या चालू होत्या?”

“त्यानं बंद केल्या होत्या. मी देत होते. त्याला न सांगता, दुधातून. रोज तीन. काल चार.”

“नऊ दिवस बंद राहिल्या असत्या तर कदाचित काही झालं नसतं,” ते म्हणाले. “किंवा कदाचित आजार उलटला असता. तो आपण आवरला असता.” त्यांनी रक्ताचा कागद पुढं ओढला. “पण बाई, हा आकडा फार आहे. मीठ-पाणी तोडलं हे धरलं तरी तीन-चार गोळ्यांत इतका चढताना मी पाहिला नाही. खरं सांगा. किती दिल्या?”

“चारच.”

“मी पोलिसात देणार नाही तुम्हाला. मला उपचारासाठी हवंय.”

“देवाशपथ चार, डॉक्टर.”

त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच मी पूर्ण खरं बोलत होते.

यंत्रावर त्याचं रक्त चार वेळा शुद्ध केलं. सहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडून अक्काला ओळखलं. जीव वाचला. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लहान मेंदूला मार बसलाय, आणि तो बहुतेक भरून यायचा नाही. बुद्धी शाबूत राहील, आठवण राहील. तोल, बोलणं आणि हात यांचं मात्र अवघड आहे. आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा त्याला दोन माणसांनी धरावं लागत होतं. घास तोंडापर्यंत न्यायचा तर हात वाटेत भलतीकडंच जायचा. घुंगरू चिमट्यात धरायची गोष्टच संपली. फुंकणी आणि चिमटे अक्कानं एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकले.

मगदूमांकडून निरोप आला, मुलाची पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत रडायचं ठरवलं तरी कशाकशासाठी रडणार? गावानं मात्र मला मोठं करून टाकलं. भरसभेत खरं बोलून भावाचा जीव वाचवला, लग्नावर पाणी सोडलं. अजूनही म्हणतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसांनंतरची गोष्ट. आश्विन निम्मा सरला होता. सकाळचं ऊन सोप्यात आलं होतं आणि मी दादाला खुर्चीत बसवून त्याचे केस विंचरत होते. अक्का आत भांडी लावत होती.

“क्षमावली... झाली?” त्यानं विचारलं. आता त्याला प्रत्येक शब्द ओढून बाहेर काढावा लागायचा.

“झाली की. महिना होऊन गेला.”

आमच्यात पर्व संपलं की सगळे एकमेकांची क्षमा मागतात. थोरला धाकट्याची मागतो, सासू सुनेची मागते. समोरच्यानं मागितली की आपण द्यायची, आणि मग आपणही मागायची. त्या दिवशी दादा मिरजेत बेशुद्ध होता.

“माझी... राहिली,” तो म्हणाला. “म्होरं ये.”

मी फणी ठेवून त्याच्यासमोर बसले. त्यानं दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. पंजे एकमेकांना चुकत होते. मी मदतीला हात पुढं केला तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला ते जुळले.

“तुला फसवलं म्या,” तो म्हणाला. “महाराजांस्नी बी. देवाला बी.”

“कसलं फसवलंस?”

“गोळ्या... खात हुतो. पहिल्या दिवसापास्नं.”

मला काही समजेना.

“नियम घेतला. घरी आलो. आणि भ्यालो, त्रिशे. परत तसं झालं तर... मुशीम्होरं बसलो हुतो तसं. तुझं लगीन हुतं. माझ्या कामाच्या पेटीत... दोन पाकिटं हुती. दूध पिऊन झालं की तू पेला घेऊन आत वळायचीस. तवा पाण्यासंगं... तीन. रोज.” तो दमला. “तोंडानं न्हाई म्हणलो आणि चोरून खाल्ल्या. म्हणून... असं झालं. हे देवानं केलेलं न्हाई. माझं मीच केलंय.”

तीन त्याच्या, तीन माझ्या. आठव्या दिवशी तीन आणि चार. डॉक्टरांना न जुळलेला आकडा त्या खुर्चीसमोर बसल्या बसल्या जुळला. दोघंही एकाच भीतीनं, एकाच पाटाजवळ, एकमेकांपासून लपवून तेच करत होतो. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. अक्काला सगळं ऐकू जात होतं.

त्या क्षणी मी बोलले असते तर निम्मं ओझं त्याच्या छातीवरून उतरलं असतं. निम्मं कशाला, सगळंच उतरलं असतं. त्याच्या एकट्याच्या तीन गोळ्यांनी तो कदाचित आजारी पडला असता, पण असा मोडला नसता. हे मला तिथं बसल्याजागी कळत होतं. दादा माझ्याकडं बघत होता. त्याचे जोडलेले हात थरथरत सुटू पाहत होते आणि तो ते जोर लावून धरून बसला होता.

“क्षमा,” मी म्हणाले. “दिली, दादा.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोठं काम उरकल्यासारखा तो खुर्चीत मागं टेकला.

“आता तू... माग,” तो म्हणाला. “रीत हाय.”

मी हात जोडले. “कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर,” मी म्हणाले. सगळे जेवढं म्हणतात तेवढंच.

“तुझं गं... काय चुकणार?” दादा म्हणाला, आणि हसला.

आता अक्काही नाही. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. दर भाद्रपदात पर्व संपलं की दादा खुर्चीत ताठ बसतो, माझ्याकडं तोंड करून हात जुळवायला लागतो, आणि ते जुळेपर्यंत मी समोर थांबते. पहिली क्षमा तो माझीच मागतो. मी देते.